मुलगा नावाचा स्थिरांक

९ जून

बोक्या,

वर 'प्रिय' लिहायचं होतं, पण हात वळला नाही. समजून घे.

कागदावर लिहितेय, कारण फोन तू उचलत नाहीस आणि मेल न उघडता बाजूला सारता येतो. पाकीट निदान हातात घ्यावं लागतं, फाडून टाकायचं असलं तरी.

बाबांना गेल्या महिन्यात अर्धांगाचा झटका आला. जिवावरचं टळलं. उजवा हात आणि उजवा पाय गेल्यात जमा आहे, बोलणं पूर्ण बंद. समजतं मात्र सगळं. हॉस्पिटलातून त्यांना मी माझ्या घरी आणलंय. पुढच्या खोलीतलं कपाट हलवून तिथे त्यांची खाट लावलीय. तुझ्या भावोजींनी बाथरूमात धरायला दांडे बसवले, त्यातला एक तिरका बसलाय आणि बाबा रोज त्या दांड्याकडे अशा नजरेने बघतात की बिचारे भावोजी तिकडे फिरकत नाहीत.

आता मुद्द्याचं. हे तुला मी कळवायची गरजच नव्हती. तुला त्याच दिवशी कळायला हवं होतं, जसं मला कळलं. बाबांचा 'उठलो' आला नाही.

आठवतंय ना ते पान? की तेही विसरलास? आई असतानाच तुम्ही दोघांनी मिळून बनवलं होतं. बाबा निवृत्त होऊन घरात बसले, स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर मापं आणि आकडे लिहून त्यांनी आईला वैताग आणला, तेव्हा तू त्यांना पीएचपी, ती वेबसाइटची भाषा, शिकवायला घेतलंस. त्यांना काही वेबसाइटी काढून विकायच्या नव्हत्या. पण आपण लिहिलेलं काहीतरी दूर कुठल्यातरी सर्व्हरवर आपोआप चालतं, याचं त्यांना भारी कौतुक. मग तुम्ही ते पान केलंत. सकाळी उठून त्यांनी एक बटण दाबायचं, खालच्या चौकोनात वाटलं तर दोन शब्द लिहायचे, आणि तो मजकूर मेलने तुला आणि मला एकदमच यायचा. 'उठलो. दोघंही.' आई गेल्यावर नुसतं 'उठलो.'

बाबांनी एकही सकाळ चुकवली नाही. सर्दीने बेजार असले तरी 'उठलो' यायचाच. त्या दिवशी दुकान उघडून मी औषधांचे खोके फोडत होते, मेल बघितला, काही नाही. थोडं थांबले. पुन्हा बघितलं. काउंटरवर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला तसंच सोडून रिक्षात बसले. बाबा टेबलाखाली पडले होते. डॉक्टर म्हणाले, अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

म्हणजे ते बटण नसतं तर बाबा आज नसते. आणि बोक्या, ते बटण तुलाही होतं. तुलाही त्या दिवशी 'उठलो' आला नाही. तुला काहीच वाटलं नाही? एक फोन करावासा वाटला नाही?

चार वर्षं हा माणूस त्या चौकोनात जे लिहीत आला ते तुझ्यासाठीच. मला आपलं आयतं वाचायला मिळायचं. 'बोक्या, गुडघा दुखतो का अजून?' 'बोक्या, तुझी पट्टी आणि कंपास सापडली, जपून ठेवली आहे.' 'बोक्या, आज तुझ्या आईचा मोठा डबा उघडला, आत तुझा दुधाचा दात आहे.' तू एका अक्षराने उत्तर दिलं नाहीस. आई गेल्यावर तू बाबांना जे बोललास ते मी दुःखाच्या भरातलं म्हणून गिळलं. पण ही चार वर्षांची मिठाची गुळणी मला गिळता येत नाही. दगडालासुद्धा पाझर फुटला असता.

उत्तर दिलंस तर दे.

ताई


२१ जून

बोक्या,

तुझं पाकीट आलं. फाडलं तर आत एक ओळ. 'आई गेल्यापासून मला बाबांचा एकही मेल आलेला नाही.' खाली सही. वा! इतक्या वर्षांनी बहिणीला लिहितोस आणि तेही धडधडीत खोटं.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. ती ओळ मी बाबांना दाखवली नाही, तेवढी अक्कल मला आहे.

पण मी पुरावा हातात घेतल्याशिवाय भांडत नाही, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. रविवारी बाबांच्या घरी जाऊन त्यांचा लॅपटॉप घेऊन आले. ते पान ज्यातून चालतं ती फाइल उघडली. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही, पण बाबांनी लिहिलेली ओळ ओळखायला कळावं लागत नाही. सगळी नावं मराठीत. एवढी सुबक मांडणी की वाटावं नकाशाच काढलाय, समासही एका रेषेत.

जसंच्या तसं उतरवते. सुरुवातीलाच 'डिफाइन' असं लिहून कंसात 'मुलगी' आणि पुढे माझा पत्ता. त्याखाली पुन्हा 'डिफाइन', कंसात 'मुलगा' आणि पुढे तुझ्या जुन्या ऑफिसातला पत्ता. आई गेल्यावर तू सोडलंस ते ऑफिस. मग थोडी जागा सोडून त्याखाली पुन्हा 'डिफाइन', पुन्हा 'मुलगा', आणि पुढे तुझा नवा पत्ता. शेजारी बाबांची टीप: 'सुधारणा. मुलाचा पत्ता बदलला. ताईकडून खात्री करून घेतली.' खाली तारीख आणि त्यांची आद्याक्षरं. तू मला तो पत्ता कळवलास त्याच आठवड्यातली तारीख आहे.

आता बोल. पत्ता अचूक आहे, एकेक अक्षर मी तपासलंय.

जुना पत्ता त्यांनी पुसला का नाही, असं विचारशील तर तू बाबांचा मुलगाच नाहीस. सारी हयात ड्रॉइंग ऑफिसात गेली त्यांची. पाइपाचं माप बदललं, पुलाची उंची बदलली, तरी नकाशावरचा जुना आकडा खोडायचा नाही. तक्त्यात खाली नवी नोंद करायची, तारीख घालायची, सही करायची. कामावरच्या प्रत्येकाला माहीत, सगळ्यात खालची नोंद खरी. आपल्या दोघांच्या उंच्यासुद्धा दारावर त्यांनी अशाच सहीनिशी लिहिल्या होत्या. आई म्हणायची, या माणसाला रबर दिलं तर चावून खाईल पण वापरायचा नाही.

तर हे सगळं तुझ्यापुढे ठेवलंय. ही भाषा तूच त्यांना शिकवलीस, तूच वाच आणि सांग, मेल गेले की नाही. सांगताना एवढंच लक्षात ठेव, की बाबा आजही सकाळी डाव्या हाताने लॅपटॉपकडे बोट दाखवतात. मी पान उघडून समोर धरते. ते बटण दाबतात. मी शेजारीच उभी असते, तरी मला मेल येतो. ते बटण कुणासाठी दाबतात हे मला सांगायला नको.

ताई


२ जुलै

बोक्या,

तुझं पत्र मी दुकानात वाचायला घेतलं आणि अर्ध्यावर शटर खाली ओढलं. लोकांना वाटलं कुणी गेलं.

पुन्हा पुन्हा वाचलं, तेव्हा कळलं. 'डिफाइन'ने जे लिहितात तो स्थिरांक. सर्व्हर फाइल वरून खाली वाचतो, त्या नावाला पहिल्यांदा जे मिळालं तेच शेवटपर्यंत धरतो. खाली त्याच नावाने कितीही ठासून दुसरं लिहा, तो ती ओळ मानत नाही. जुनंच धरून पुढे जातो. साधं व्हेरिएबल, म्हणजे बदलता येणारं नाव, असतं तर खालचा पत्ता चालला असता. पण स्थिरांकाचं तसं नाही. म्हणजे बाबांच्या ऑफिसात खालची नोंद खरी आणि या भाषेत वरची.

चार वर्षं रोज सकाळी ते मेल बंद झालेल्या एका मेलबॉक्सात गेले. परत यायचे तेही अशा पत्त्यावर, जो बाबांनी कधी उघडून बघितला नाही.

तू लिहितोस, की सर्व्हर अगदीच गप्प बसत नाही. पानाच्या डोक्यावर इशारा छापतो की हा स्थिरांक आधीच ठरलेला आहे. तो इशारा बाबांना पहिल्या दिवशीच दिसला असणार. इंग्रजी ओळ, स्वच्छ पानावर शाईचा डाग पडावा तशी. त्यांना ते कसं खपणार? तर इशारे लपवायची एक ओळ त्यांनी फाइलीच्या डोक्यावर घातली होती, आणि ती त्यांना एकदा तूच दाखवली होतीस, गिऱ्हाइकांच्या पानावर असला पसारा दिसू नये म्हणून. हे तू चार वेळा लिहिलंयस. पुरे. तुझ्यावर मी आधीच एवढी चिडलेय की त्यात आणखी भर घालायला जागा नाही.

खरं सांगू? आता चिडलेलीही नाही. तुझं पत्र मांडीवर घेऊन नुसती बसलेय. तुला मी दगड म्हटलं. इतकी वर्षं मनातल्या मनात त्याहून वाईट म्हणत आले. ते माझं मलाच ठाऊक.

मला एक आठवलं. तुम्ही ते पान करत होतात तेव्हा मी शेजारी बसून शेंगा सोलत होते. तू म्हणालास, पत्ते व्हेरिएबलमध्ये ठेवा बाबा, पत्ते बदलतात. बाबांनी चष्मा वर केला. 'मुलगा बदलतो होय? स्थिरांकात टाक.' तू हसून हात टेकलेस आणि टाकलंस.

आता तू सांगितलेलं काम. वरची ओळ काढून टाक, म्हणजे मेल नीट येतील, हे कळलं. आणि दुसरं तू लिहितोस, बाबांना यातलं काही सांगू नकोस. सांग की मी सगळे मेल वाचत होतो. या वयात, या अवस्थेत त्यांना स्वतःची चूक कळली तर ते खचतील. म्हणजे बापाची चूक झाकायला तू स्वतः निर्दयी ठरायला तयार आहेस. थोर आहेस बाबा. लहानपणी बरणी मी फोडायची आणि मार तू खायचास, तसलंच हे. रडू आलं मला, आणि तुला एक सणसणीत ठेवून द्यावीशीही वाटली.

सांगेन की नाही ते अजून ठरवलेलं नाही. पण माझंही एक ऐक. आईला हॉस्पिटलातून घरी आणलं ते बाबांच्या हट्टाने नाही. तिने त्यांचं मनगट धरलं होतं, सोडेना. 'मला घरी न्या, इथे नको,' एवढंच म्हणत होती. मी तिथे होते. हे मी तुला तेव्हाही दारात उभं राहून सांगितलं होतं, पण तू चपला घालत होतास आणि तुझ्या कानात काही शिरत नव्हतं. तू त्यांना म्हणालास, 'मी येईपर्यंत थांबला नाहीत, तुम्ही तिला संपवलंत.' त्यावर बाबा एक शब्द बोलले नाहीत, आणि आता तर बोलूच शकत नाहीत.

सोबतच्या गठ्ठ्यात बाबांचे सगळे मेल आहेत. माझ्याकडे आलेले होते, दुकानातल्या प्रिंटरवर काढले. शाई मध्येच संपली, काही पानं फिकट आलीत. ते तुझे आहेत. सावकाश वाच, एका बैठकीत वाचू नकोस.

ताई


१४ जुलै

बोक्या,

शनिवारी येतोयस हे वाचलं. दोनदा वाचलं. जिवात जीव आला. भावोजी स्टेशनवर घ्यायला येतील, त्यांच्याशी त्या तिरक्या दांड्याबद्दल काही बोलू नकोस.

येण्याआधी तुला इथलं सगळं माहीत असायला हवं, म्हणून घाईघाईने लिहितेय.

मी तुझं ऐकायचं ठरवलं होतं. खरंच. सोमवारी दुपारी बाबांचे पाय चेपत बसले होते, आणि शक्य तितक्या सहज म्हटलं, 'बोक्याचं पत्र आलंय. तो तुमचे सगळे मेल वाचायचा म्हणतो.' मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी डोळे मिटले आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हे त्यांना नवीन नव्हतंच. मुलगा सगळं वाचतो आणि तरी गप्प राहतो, हेच तर ते रोज सकाळी उराशी घेऊन उठत होते. त्यावर मी वर आणखी शिक्का मारला. तू त्यांना वाचवायला निघाला होतास, बोक्या, आणि आपण दोघांनी मिळून त्यांना तिथेच पुन्हा ढकललं.

मला ते बघवेना. मी सगळं सांगून टाकलं. स्थिरांक, वरची ओळ, खालची ओळ, सर्व्हर काय करतो ते. जमेल तसं, धेडगुजरी. म्हटलं, त्याला एकही मेल पोचला नाही बाबा, एकही नाही.

त्यांनी मान वळवली. डाव्या हाताने लॅपटॉपकडे बोट केलं. फाइल उघडून मी समोर धरली. वरच्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं, मग खालच्या, मग स्वतःच्या टिपेवर. मग पुन्हा वरच्या. इतका वेळ की माझे हात भरून आले. एरवी समोरासमोर कुणी त्यांची चूक दाखवली तर ते कान लाल होईपर्यंत वाद घालायचे. आता फक्त मान हलवली, तुझं बरोबर आहे म्हणावं तशी. मी विचारलं, काढू का ती वरची ओळ? त्यांनी माझा हात बाजूला केला. डाव्या हाताची तर्जनी कळीवर नीट बसेना. तरी एकेक अक्षर त्यांनीच पुसलं. तुझं जुनं ऑफिस गेलं, 'मुलगा' गेला, कंस गेले, ओळ गेली. खालची राहिली. मग पान उघडायला लावलं आणि बटण दाबलं. सोमवारी दुपारी तुला 'उठलो' आला असेल तो त्यामुळे. दुपारी कसला उठलो, म्हणून घाबरला असशील तर तो असा आला.

मला वाटलं, झालं. आता शांत झोपतील. मी चहा टाकायला उठले, तर त्यांनी पदर धरला.

बोलणं शिकवणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा येतात. त्यांनी एक फळा दिलाय. वर 'हो', 'नाही', 'पाणी', 'दुखतंय', आणि खाली सगळी अक्षरं. बाबा एकेका अक्षरावर बोट ठेवतात आणि मी जोडत जाते. एरवी दोन शब्दांत दमतात. 'पंखा' म्हटलं की झालं. त्या दिवशी थांबेनात. मध्ये मी चुकले की मान हलवायचे, पुन्हा पहिल्यापासून. घाम फुटला होता त्यांना. मी म्हटलं, उद्या करू, तर डोळे वटारले. शेवटी जे जुळलं ते हे.

'मग त्याला वाटलं असेल, बापाने टाकलं.'

बोक्या, मी स्वतःला शहाणी समजते. पण त्यांना कळल्यापासून मी एवढाच विचार करत होते की त्यांना आपल्या चुकीचं किती लागेल, की त्यांच्या मनावरचं ओझं किती उतरेल. त्यांच्या मनात यातलं काहीच नव्हतं. 'सुधारणा' असं लिहून नवा पत्ता घातला त्या दिवसापासून तू तिकडे रोज काय समजून बसला असशील, इथे ते जाऊन पोचले होते.

मी म्हटलं, 'नाही हो बाबा, असं कसं वाटेल त्याला.' त्यांनी 'नाही'वर बोट ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले. माझी नजर खाली गेली. खोटं मला जमत नाही, ते त्यांना त्याच दुपारी एकदा कळलंच होतं.

तुझी सगळी पत्रं मी पुन्हा काढून वाचली. सर्व्हर आहे, इशारे आहेत, तूच दाखवलेली ती ओळ आहे, बाबांना जपायचं आहे. तुला काय वाटलं होतं, ते कुठेही नाही. तू ते मला लिहिलं नाहीस. मी विचारलंही नाही. बाबांनी काहीच न वाचता ओळखलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी ते फळा मागतात आणि तेच वाक्य लावतात. त्याचं उत्तर तुझ्याकडे आहे.

शनिवारी आलास की त्यांच्या डाव्या बाजूला बस, उजवीकडचं त्यांना नीट दिसत नाही. मोठ्याने बोलू नकोस, ऐकायला चांगलं येतं. ते फळा मागतील आणि अक्षरं लावायला लागतील. मध्येच अडवू नकोस, मला सगळं कळलं म्हणून पुढचं बोलू नकोस. त्यांचं वाक्य पूर्ण होऊ दे. मग त्यांना जपायला, माझ्यासाठी किंवा कशासाठीही, 'नाही' म्हणू नकोस.

वाटलं होतं ना तुला? मग 'हो' म्हण.

ताई